परिस्थितीत बदल नाही

मित्रांनो, माझ्याविषयी सांगण्याआधी एका पत्राविषयी सांगतो. ते निळे अंतर्देशीय पत्र होते आणि बावीस वर्षे ते माझ्याच खणात, माझ्या शेजारी पडून होते. त्यात एकच गोष्ट विचारली होती. ज्याला विचारली त्याने उत्तर दिले नाही. तो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. मलाही यायचा.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातल्या सरकारी कचेरीत माझे आयुष्य गेले. गावाचे नाव सांगत नाही. गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीच शंका आहे. माझ्या अंगावर दोन ओळी आहेत आणि आयुष्यभर मी तेवढेच बोललो. 'परिस्थितीत बदल नाही. हुकूम पुढील दोन महिने चालू.' त्यापलीकडे जे चार शब्द मला येतात ते उद्धवरावांमुळे. ते आमच्या टेबलाचे कारकून. त्यांच्या खणात माझ्यासोबत नेहमी वाचनालयाचे एखादे पुस्तक असे. दुपारचा डबा झाला की ते पुस्तक खणाच्या आड गुडघ्यावर धरून वाचायचे, ओठ हलवत, कोणी पाहील या भीतीने. पुस्तकाचे एक पान ते कधी गाळत नसत. त्या पुटपुटण्यातून मी भाषा शिकलो.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी, चौऱ्याण्णवच्या एप्रिलात माझा जन्म झाला. भूकंपानंतर गावेच्या गावे नव्याने बांधायची होती आणि त्यासाठी दगड हवा होता. आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर एका ठेकेदाराने खाण सुरू केली होती. खाणीत सुरुंग लावायला जिलेटिनच्या कांड्या लागतात. भूकंपाच्याच वर्षी, नोव्हेंबरात एका सकाळी मोजणीत एक पेटी कमी भरली. कुठे गेली, कोणालाच सांगता येईना. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते, माणसे आधीच धास्तावलेली. पेटी टेकडीवरच पुरून ठेवली आहे, घातपाताचा बेत आहे, अशी बोलवा उठली. दहा डिसेंबरला साहेबांनी हुकूम काढला. टेकडीवर पासाशिवाय कोणी जायचे नाही. एका पासावर एकच माणूस. सोबत कुदळ, पहार, फावडे न्यायचे नाही. मुदत दोन महिने.

मित्रांनो, तो हुकूम चुकीचा नव्हता. उद्या तुम्ही साहेब झालात आणि स्फोटकांची पेटी हरवली, तर तुम्हीही तोच काढावा.

फेब्रुवारी आला. पेटी सापडली नव्हती. हुकूम पुन्हा टाईप झाला. एप्रिल आला तेव्हा साहेब वैतागले. म्हणाले, "उद्धवराव, दर वेळी तेच कोण टाईप करत बसणार? एक शिक्का करून आणा."

उद्धवराव एस.टी.ने लातूरला गेले. गंजगोलाईच्या बाजारात गुंडप्पांचे शिक्क्यांचे दुकान होते, एका जिन्याखाली. गुंडप्पांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि उद्धवरावांकडे पाहिले.

"हुकूम दोन महिन्यांचा हाय म्हणता?"

"हो."

"अन् शिक्का कशाला करून राहिलात?"

"साहेबांनी सांगितलंय."

"कागूद फाडता येतोय, बाबू. रबर लई टिकतंय. मी केलेला शिक्का तुमच्या नोकरीला पुरंल, ध्यानात ठिवा."

उद्धवराव कानापर्यंत लाल झाले. कोणी थट्टा केली की त्यांना उत्तर सुचत नसे. सुचायचे ते एस.टी.त बसल्यावर. गुंडप्पांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून माझे शब्द लावले, साच्यात उठवले, त्यावर रबर ठेवून तापल्या पत्र्याखाली दाबले. तो चटका मला अजून आठवतो. मग सागवानी मूठ बसवली आणि मला कोऱ्या कागदावर उठवून पाहिले. एकही अक्षर फुटले नव्हते. मला फार अभिमान वाटला. आपण कशासाठी जन्मलो हे तेव्हा कळत नसते.

आता आमची कामाची रीत सांगतो. ती नीट समजून घ्या, कारण गोष्टीची सगळी मेख तिथेच आहे.

मुदत संपायच्या आठ दिवस आधी आमच्या कचेरीतून पोलीस ठाण्याला पत्र जायचे की परिस्थितीचा अहवाल पाठवा. ठाणे आपली मागची प्रत काढून कळवायचे की हुकूम चालू असल्यामुळे टेकडीवर शांतता आहे, तरी आपल्या स्तरावर निर्णय व्हावा. ते पत्र आले की उद्धवराव लिहायचे, 'ठाण्याच्या अहवालावरून हुकूम चालू ठेवणे इष्ट.' वर मी उठायचो. खाली साहेबांची सही. ठाणे आमच्या हुकमाकडे बोट दाखवायचे आणि आम्ही ठाण्याच्या अहवालाकडे. पेटीचे काय झाले, हे दोन्ही पत्रांत कोणी कोणाला विचारायचे नाही. पहिल्या हुकमाचा कागद फाईलच्या तळाशी गेला. वर दर दोन महिन्यांनी नवे कागद चढले. दोन-तीन वर्षांत ती फाईल एवढी फुगली की तिला दोन दोऱ्या बांधाव्या लागल्या.

साहेब बदलत. नवे साहेब पहिल्या दोन महिन्यांत एकदा हमखास विचारत, "हा हुकूम कशाबद्दल आहे?" उद्धवराव हळूच सांगत, "भूकंपाच्या वर्षीचा आहे, साहेब." मग साहेब जरा वेळ पेन हातात धरून बसत. मला वाटे, आता हा माणूस मला बाजूला ठेवील. पण ते म्हणत, "मी काढलेला नाही. मी उठवला आणि उद्या काही झालं, तर माझ्या गळ्यात येईल." आणि सही होई. नऊ साहेब झाले, मित्रांनो. नऊही हेच म्हणाले. शब्द थोडे इकडेतिकडे.

आणि त्या टेकडीवर काय होते? खाण तर दुसऱ्याच वर्षी बंद पडली. पण खाणीच्या पलीकडच्या उतारावर लिंगायत समाजाची दफनाची जागा होती. हे लोक आपल्या माणसाला पुरतात आणि वर समाधीचा दगड बसवतात. हुकूम झाल्यापासून गावाने दफनासाठी ओढ्याकाठची दुसरी जागा धरली. टेकडीवरचे जे होते ते तिथेच राहिले. त्यांत एक शिवप्पा होते.

शिवप्पांचे बाजारात दोरखंड आणि घोंगड्यांचे दुकान होते. भूकंपाच्या आदल्या दिवशी ते औशाच्या पलीकडे बहिणीच्या गावी गणपती बुडवायला म्हणून गेले आणि तिथेच ढिगाऱ्याखाली सापडले. गावाने त्यांना आणून टेकडीवर पुरले. त्या धांदलीत दगड कुठून मिळणार? वर माती ओढली आणि सगळे परतले. त्यांच्या पत्नी पार्वतम्मा. त्यांनी निलंग्याकडच्या पाथरवटाकडून काळा दगड घडवून आणला, वर लिंग कोरून घेतले. दगड दारात येऊन पडला तोवर टेकडीला तारेचे कुंपण आणि मनाईची पाटी लागली होती.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नवा होतो, अंगाला जांभळी शाई ओली होती.

"अण्णा, टेकडीचा पास पायजे."

"एकाच माणसाला मिळतो, बाई."

"दगड चौघांनी उचलायचा हाय."

उद्धवरावांनी हुकूम पुन्हा वाचला, जणू दुसरे काही लिहिलेले निघेल. "दगडाला... दगडाला तर पासच नाही."

शेजारच्या टेबलावरून माणिकप्पा, आमचे अव्वल कारकून, खदखदून हसले. "दगडाचा फोटो जोडा म्हणावं, उद्धवराव! दोन प्रती!"

पार्वतम्मा हसल्या नाहीत. "मी चेष्टेला आले न्हाई, माणिकप्पा. तुमच्या आजाची समाधीबी तिथंच हाय. तुमच्या आजावर दगड हाय म्हणून तुम्हाला हसू येऊन राहिलं. माझ्या माणसावर नुसती माती हाय. दोन पावसाळ्यांत बसंल ती."

माणिकप्पा फाईलमध्ये डोके घालून बसले.

"हुकूम कधी उठणार, तेवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या.

खरे उत्तर उद्धवरावांना माहीत नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही लेखी विचारा. मी लेखी कळवतो."

असे म्हटले की समोरचा माणूस जातो, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक असते. पण पार्वतम्मांनी ते खरे धरले. वर्षभर वाट पाहून पंच्याण्णवच्या सप्टेंबरात त्यांचे निळे पत्र आले. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. अक्षरे मोठी, एकमेकांपासून लांब.

'रा. रा. कारकून साहेब यांस. माझे मालक टेकडीवर आहेत. बाभळीपासून उगवतीला सात पावलांवर. ही खूण मला एकटीला माहीत आहे. माती बसत चालली आहे. दगड दारात आहे. हुकूम कधी उठणार तेवढे कळवावे म्हणजे माणसे सांगून ठेवीन. पार्वतम्मा.'

उद्धवरावांनी ते तीनदा वाचले. नंतर कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने लिहू लागले, 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की सदर हुकूम दि.' आणि थांबले. तारीख कुठली घालायची? माझ्या अंगावर लिहिले होते ते घालावे तर 'पुढील दोन महिने'. पण दोन महिन्यांनी मी पुन्हा उठणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खोटे लिहवेना आणि खरे माहीत नव्हते. कागद चुरगळला. आठवड्याने दुसरा घेतला. असे अकरा मसुदे मी मोजले. त्यांनी निळे पत्र पुस्तकाखाली ठेवले, मग माझ्याखाली, मग खणाच्या तळाशी पसरलेल्या वर्तमानपत्राखाली.

मला तेव्हा ओरडावेसे वाटे. अरे बाबा, 'मला माहीत नाही' एवढे तरी लिही! पण मला दोनच ओळी येत होत्या.

दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, शिवप्पांच्या दिवसाला, त्या पास घ्यायला यायच्या. एक माणूस, एक तास, हातात काही नाही. परत जाताना टेबलापाशी थांबायच्या.

"अण्णा, पत्र पावलं का माझं?"

"पावलं."

"उत्तर?"

"पाठवतो."

पुढे त्यांनी उत्तराचे विचारणे सोडले. नुसत्या थांबायच्या. ते जास्त वाईट होते.

दारातला दगड पडूनच होता. कधी त्या सांगत, उन्हाळ्यात शेजारणी त्यावर कुरडया वाळत घालतात. कधी सांगत, नात त्यावर बसून अभ्यास करते. एका वर्षी म्हणाल्या, "बाभळ वाळून पडली, अण्णा. आता खूण न्हाई. माझ्या पायाला जागा ठाऊक हाय तेवढीच. अन् पाय काय जन्माचे असतेत?"

त्या दिवशी उद्धवरावांनी पुस्तक उघडले, पण ओठ हलले नाहीत.

मी तोवर झिजू लागलो होतो. 'बदल' मधला 'ब' आधी गेला. उन्हाळ्यात शाईची गादी सुकायची तेव्हा मला दोनदा, तीनदा आपटावे लागे. एकदा वर्तमानपत्रात बातमी आली होती. काही मोठ्या देशांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा धोक्यासाठी आणीबाणी जाहीर झाली आणि दर वर्षी तिची मुदत तारखेच्या आदल्या आठवड्यात न चुकता वाढवली जाते. पहिली सही करणारे केव्हाच गेले, धोका कोणता होता हेही आता अर्ध्या लोकांना आठवत नाही. उद्धवरावांनी ती बातमी माणिकप्पांना वाचून दाखवली.

माणिकप्पा म्हणाले, "मंग? तिकडंबी एक उद्धवराव असंल."

उद्धवराव कसनुसे हसले. मला मात्र तिकडच्या एखाद्या खणातला माझा भाऊबंद दिसला. त्याची मूठ चांदीची असेल. बाकी फरक नसावा.

मित्रांनो, मग आमच्या भागात क्लासचे दिवस आले. लातूरच्या शिकवण्यांची ख्याती झाली, हदगावपासून धर्माबादपर्यंतची मुले तिकडे लोटली आणि आमच्यासारख्या लहान गावांतही शाखा निघाल्या. भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. एका मोठ्या क्लासने गुणवंतांचा सत्कार ठरवला. हजार-बाराशे माणसे, मांडव, भोंगे. जागा टेकडीच्या पायथ्याचे मैदान, तारेच्या आतले. मांडवाला खड्डे घ्यायचे होते, म्हणजे पहारी आल्या. अर्ज सकाळी आला आणि संध्याकाळच्या आत 'विशेष बाब म्हणून सूट' अशी सही झाली. त्या कागदावर मला कोणी वापरलेही नाही.

चार दिवसांनी पार्वतम्मा आल्या. सोबत लेखी अर्ज होता. चार माणसे, एक दगड, एक पहार, एक सकाळ. त्या वेळी उद्धवरावांनी आयुष्यात प्रथमच साहेबांच्या खोलीत असा कागद नेला, जो मागितला नव्हता. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"उद्धवराव, क्लासचं काम सार्वजनिक हिताचं. हे खासगी आहे."

"साहेब, मी म्हणत होतो, त्या पेटीचं एकदा... एकदा विचारून घ्यावं का?"

"कुठली पेटी? हे बघा, एवढ्या वर्षांत टेकडीवर काही झालं नाही. का झालं नाही? हुकूम आहे म्हणूनच ना?"

उद्धवराव परत आले आणि पार्वतम्मांपुढे कागद ठेवला.

"आम्ही चौघं गेलो तर धोका हाय, अन् त्यांच्या हजारांनी न्हाई?" त्यांनी विचारले. आवाज चढवला नाही. "दगड न्यायला आधी क्लास काढावा लागंल मला."

माणिकप्पा त्या वेळी निवृत्त झाले होते. हसायला कोणी नव्हते.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये आमच्याकडे इरा नावाची नवी कारकून आली. मुलगी हदगावची. नांदेडला क्लास लावून परीक्षा पास झालेली. उद्धवराव ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते, म्हणून टेबल शिकून घ्यायला तिला त्यांच्याजवळ बसवले. क्लासवाल्यांवर माझा राग होता हे तुम्ही पाहिलेच. पण या मुलीने क्लासमधून एक खोड आणली होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याचा अहवाल आला. उद्धवरावांनी मला खणातून काढले. इराने फाईल ओढली, दोऱ्या सोडल्या आणि ढीग उलटा केला.

"काय करता, इराताई? वरचा कागद बघायचा. तेवढाच लागतो."

"मी पहिल्यापासून वाचून राहिले, सर. आमच्या क्लासला सांगायचे, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर."

ती दोन दिवस वाचत होती. धुळीने शिंकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, एकशे चाळीस शिक्के आहेत. त्याच्या आधीचे दोन टाईप केलेले. पण पेटी कुठंय?"

"पेटी?"

"सगळा हुकूम पेटीसाठी आहे ना! पहिल्या कागदावर खाणीच्या परवान्याचा नंबर दिलाय. ती फाईल बघू का?"

खाणीची फाईल अभिलेखाच्या खोलीत, तळाच्या फळीवर होती. इराने ती आणली, झटकली आणि उघडली. सातवाच कागद. जळकोटच्या बाजूला त्या ठेकेदाराची दुसरी खाण होती. तिकडच्या ठाण्याने जून चौऱ्याण्णवच्या सुरुवातीलाच आमच्या कचेरीला कळवले होते की मुनिमाच्या चुकीने दुसऱ्या गाडीत चढलेली पेटी तिथल्या कोठारात मिळाली आहे, कांड्या मोजल्या, पूर्ण भरल्या, सबब आपल्या गावच्या ठाण्याला आपल्यामार्फत कळवावे. पत्राच्या माथ्यावर विषय लिहिला होता, 'खाणीच्या परवान्याबाबत'.

चौऱ्याण्णवचा जून. म्हणजे मी तोवर फक्त एकदा उठलो होतो.

"आवक केलेली दिसते," इरा म्हणाली. "आवक करणाऱ्याने नुसता विषय वाचून खाणीच्या फाईलला लावून दिलं. आतलं वाचलंच नाही. सर, ही बारीक सही कोणाची असेल?"

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मी त्यांना तेवीस वर्षे ओळखत होतो. जो माणूस गोष्टीच्या पुस्तकातले एक पान गाळत नव्हता, त्याने त्या दिवशी एका कागदाची फक्त पहिली ओळ वाचली होती. त्या वेळी आवक-जावकचे टेबलही त्यांच्याकडेच होते. इराला हे माहीत नव्हते. सही अशी पुसट होती की ते 'कोण जाणे' म्हणाले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"माझी," ते म्हणाले.

इराने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

त्या दुपारी त्यांनी टिपणी लिहिली. पेन्सिलीने नाही. 'पेटी मिळाल्याचे पत्र माझ्या हातून चुकीच्या फाईलला गेले. त्यामुळे हुकूम विनाकारण चालू राहिला. चूक माझी आहे.' साहेबांनी, म्हणजे नवव्या साहेबांनी, ती वाचली आणि ते स्वतःच आमच्या टेबलापाशी आले.

"उद्धवराव, हे काय? वीस-बावीस दिवस राहिलेत तुमचे. चौकशी मागे लावून घ्यायचीय?"

"नाही, साहेब."

"मग काढून घ्या ही टिपणी. नऊ तारखेला मुदत संपते. पुढचा हुकूम काढायचा नाही. विषय संपला."

"पण लोकांना कळणार कसं, साहेब?"

"हुकूम काढला की लोकांना कळवायची पद्धत आहे. न काढलेला हुकूम कसा कळवणार?"

मित्रांनो, चीड कशाची येते सांगू? साहेब थट्टा करत नव्हते. ते खरेच अडले होते. हुकूम काढायला कायदा होता, वाढवायला मी होतो. उठवायची रीत कचेरीत कोणी पाहिलीच नव्हती. तार तशीच राहणार, पाटी तशीच राहणार, आणि एक म्हातारी सप्टेंबरात पुन्हा पास मागायला येणार.

पण उद्धवराव म्हणाले, "टिपणी फाईलला राहू द्या, साहेब."

साहेबांनी टिपणीवर 'पाहिले' एवढेच लिहिले आणि निघून गेले.

दहा ऑगस्टची सकाळ झाली. एकशे एक्केचाळीस वेळा ही तारीख किंवा तिची भावंडे आली होती आणि प्रत्येक वेळी हुकूम पुढे गेला होता. त्या दिवशी नाही गेला. शाईची गादी बंदच राहिली. इरा शिपायाला घेऊन टेकडीकडे पाटी काढायला गेली. कोणाला विचारून गेली ते मला माहीत नाही.

उद्धवरावांनी खण पूर्ण बाहेर ओढला. वर्तमानपत्र उचलले आणि निळे पत्र काढले. घडीवर ते फाटायला आले होते. त्यांनी स्वतः विकत आणलेले कोरे अंतर्देशीय पुढे ठेवले. लिहिताना ओठ हलत होते, म्हणून मला कळले.

'ती. पार्वतम्मा यांस. आपले ता. २६ सप्टेंबर १९९५ चे पत्र मिळाले. उत्तरास फार उशीर झाला. हुकूम आज उठला आहे. तो १९९४ सालीच उठायला हवा होता. पेटी सापडल्याचे पत्र आले होते, ते मी पुरते वाचले नाही. हे मी कचेरीतही लिहून दिले आहे. माती बसली असेल, बाभळ नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या पायांना जागा ठाऊक आहे असे तुम्ही म्हणाला होता. पाय चालत नसतील तर खुर्चीत बसवून वर नेऊ. दगडाला चौघे लागतात. तिघे तुम्ही सांगून ठेवा. चौथा मी येतो. उद्धव.'

इरा परतली तेव्हा ते पत्राच्या कडा चिकटवत होते. तिने पत्ता वाचला. "सर, ह्या तर चार गल्ल्या पलीकडं राहतात. जाऊन सांगा ना!"

"पत्र आलं होतं," उद्धवराव म्हणाले. "पत्रच जायला पाहिजे. आणि तोंडाने सांगायला गेलो तर मी दारातूनच परत फिरेन. तो दगड दिसेल ना आधी."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. उपदेश करायचा मला अधिकार आहे असे वाटत नाही. एकशे चाळीस वेळा खोटे बोललेला मी. पण एक मागणे मागतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही सह्या करतील. नवा हुकूम काढताना माणूस विचार करतो. जुना पुढे ढकलताना करत नाही, कारण तिथे माझ्यासारखा कोणीतरी तयार असतो. तेव्हा हातात शिक्का आला तर आधी ढीग उलटा करा आणि तळाचा कागद वाचा. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि तुम्हाला कोणी 'कधी' असे विचारले आणि तुम्हाला ते माहीत नसेल, तर माहीत नाही असे लगेच कळवा. उत्तराची वाट पाहणाऱ्याचे दिवस आपल्या खणात पडून राहतात.

साडेपाच वाजता उद्धवरावांनी मला उचलले. वाटले, आता रबर खरवडणार. पण त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकले, पत्रासोबत. पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून असेल.

खिशातून मला फार दिसत नव्हते. एस.टी. स्टँडचा गलका ऐकू आला, मग क्लास सुटलेल्या मुलांच्या सायकली. पोस्टाच्या पेटीपाशी ते थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटले, आता परत फिरतात. बावीस वर्षांत मी त्यांना अकरा वेळा परत फिरताना पाहिले होते.

खिशातून माझ्या शेजारचा कागद सरकला. पत्र्याचे झाकण वर झाले आणि आत, तळाशी, पत्र पडल्याचा आवाज झाला.